गृहारोग्य : गर्भवतीची रक्तपरीक्षा आणि घराण्याची अब्रू

गेल्या महिन्यांत आलेल्या पत्रांपैकीं एका पत्राचें उत्तर खाजगी रीतीनें धाडावें, कीं या सदरांतून जाहीरपणें द्यावें, याचा मीं बराच विचार केला. पत्र एका सासूबाईंचें आहे. नांवगांव त्यांनीं विश्वासानें कळविलें आहे. तें अर्थातच येथें देत नाहीं. मजकूर मात्र त्यांच्या अनुमतीनें देत आहें, कारण जो प्रश्न त्यांना पडला तो आपल्यांतील पुष्कळ घरांतून पडतो आणि बहुधा उंबरठ्याच्या आंतच विरून जातो. त्या लिहितात :

"सूनबाईंना तिसरा महिना लागला आहे. पहिलीच खेप, म्हणून घरांत सर्वांना आनंद आहे. परवां त्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलें होतें. बाईंनीं रक्ताच्या तपासण्यांची जी यादी दिली, तींत रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर यांच्याखालीं एचआयव्ही, व्ही.डी.आर.एल. अशीं नांवें होतीं. घरीं आल्यावर चिरंजिवांनीं मोबाइलवर त्या अक्षरांचा अर्थ पाहिला, आणि त्यांचा चेहराच उतरला. 'आमच्याविषयीं यांनीं काय समजूत करून घेतली आहे?' असें ते म्हणाले. यजमान तर इतके संतापले, कीं डॉक्टर बदला म्हणून लागले. सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत. पण रात्रीं त्यांच्या डोळ्यांना पाणी होतें. आमच्या घराण्यांत तीन पिढ्यांत असल्या गोष्टीचा उच्चारहि कोणीं केला नाहीं. ह्या तपासण्या वगळल्या तर चालेल काय?"

ताई, तुमच्या प्रश्नाचें सरळ उत्तर असें, कीं ह्या तपासण्या वगळूं नयेत. आणि डॉक्टर बदलण्याचें तर मुळींच कारण नाहीं. ज्या बाईंनीं ती यादी तुमच्या हातीं दिली, त्यांनीं तुमच्या घराण्याकडे पाहून ती केलेली नाहीं. त्यांच्या दारीं येणाऱ्या प्रत्येक गर्भवतीला, मग ती बंगल्यांतून येवो कीं झोपडींतून, हीच यादी मिळाली पाहिजे असा आज वैद्यकाचा दंडक आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा उपदेश तोच आहे, आपल्या सरकारचें धोरणहि तेंच आहे. इंग्लंडांतहि एचआयव्ही, उपदंश आणि हेपटायटिस बी या तिन्ही तपासण्या प्रत्येक गर्भवतीस देऊं केल्या जातात. ज्या चाचणींतून कोणीच वगळलेलें नाहीं, तींत कोणावर संशय घेतला असें म्हणतां येईल काय? संशय घेऊन निवडक स्त्रियांचेंच रक्त घेतलें असतें, तर अपमान खरा झाला असता. सर्वांचें घेतल्यानें तो नाहींसा होतो.

परंतु एवढ्यानें तुमच्या यजमानांचें समाधान होणार नाहीं. "जेथें कांहींच नाहीं, तेथें पाहावयाचें कशाला?" असें ते विचारतील. या प्रश्नाचें उत्तर देण्यासाठीं आधीं उपदंशाची थोडी ओळख करून घेतली पाहिजे, कारण व्ही.डी.आर.एल. ही परीक्षा त्याची आहे.

उपदंशाला आपल्याकडे बोलतांना गरमी म्हणतात. सोळाव्या शतकांतील भावमिश्रानें 'भावप्रकाशां'त त्यास 'फिरंगरोग' म्हटलें आहे, कारण तो फिरंग्यांच्या संसर्गानें आला असें तेव्हांच्या वैद्यांनीं पाहिलें होतें. आणि त्यावर चोपचिनी सांगितली आहे. युरोपांत तर प्रत्येक देश हा रोग शेजारच्या देशाच्या नांवानें ओळखी. आपल्या घराचें दार सोडून दुसऱ्याच्या दाराकडे बोट दाखवावयाचें, ही या रोगाविषयींची मनुष्याची रीत पांचशें वर्षांची आहे. तुमच्या घरीं परवां जें घडलें, तें त्या जुन्या रीतीस धरूनच झालें.

या रोगाचा जंतु मळसूत्रासारखा पिळदार असतो. तो शरीरांत शिरल्यावर बहुधा तीन आठवड्यांच्या सुमारास त्या जागीं एक व्रण उठतो. तो दुखत नाहीं, आणि स्त्रियांमध्यें पुष्कळदां आंतल्या बाजूस असल्यामुळें त्यांना तो दिसतहि नाहीं. कांहीं आठवड्यांत तो आपोआप भरून येतो. पुढें अंगावर, तळहातांवर, तळपायांवर पुरळ उठतें, बारीक ताप येतो. तेंहि औषधावांचून नाहींसें होतें. त्यानंतर वर्षानुवर्षें कोणतेंहि लक्षण नसतें. स्त्री धडधाकट दिसते, घरांतील कामें करिते, हसते, बोलते. या निवांत अवस्थेंत तिला दिवस गेले, कीं जंतु वारेंतून गर्भापर्यंत पोंचतो. बाधा ताजी असेल तितका धोका अधिक. मग कधीं गर्भ पोटांतच दगावतो, कधीं मूल अपुऱ्या दिवसांचें येतें, कधीं जन्मून थोड्याच दिवसांत जातें. जें जगतें, तें पहिल्या दिवशीं निरोगी दिसूनहि पुढें त्याचें नाक सतत वाहूं लागतें, कातडीवर फोड येतात, हाडें दुखून हातपाय हलेनासे होतात. कांहींना तर पुढें बऱ्याच वर्षांनीं डोळ्यांचा व कानांचा विकार जडतो.

माता निरोगी दिसते, या एका गोष्टीनें मोठमोठे वैद्यहि फसले आहेत. १८३७ मध्यें डब्लिन येथील शस्त्रवैद्य अब्राहम कॉलिस यांनीं असें लिहून ठेविलें, कीं जन्मजात उपदंश असलेल्या बालकाला दुसऱ्या बाईनें अंगावर पाजलें तर तिला रोग जडतो, पण त्याच्या स्वतःच्या आईला तो कधीं जडत नाहीं. निरीक्षण अचूक होतें. त्यावरून पुढील वैद्यांनीं अनुमान मात्र असें काढलें, कीं आई रोगमुक्त आहे, आणि मुलाला रोग थेट बापाकडून बीजाबरोबर मिळाला आहे. सत्तर वर्षें हा समज वैद्यकाच्या ग्रंथांतून नांदला. १९०५ मध्यें बर्लिन येथें शाउडिन व हॉफमन यांनीं जंतु शोधून काढला, आणि १९०६ मध्यें वासरमन व त्यांचे सहकारी यांनीं रक्ताची परीक्षा सिद्ध केली. तेव्हां त्या 'निरोगी' मातांचें रक्त तपासण्यांत आलें, आणि त्या स्वतःच बाधित असल्याचें दिसून आलें. त्यांना मुलापासून नव्यानें रोग जडत नव्हता, कारण तो त्यांच्या अंगांत आधींच होता. चेहऱ्यावर कांहींच नव्हतें. जें होतें तें रक्तांत होतें.

या परीक्षेच्या जन्माची एक कथा आहे. वासरमन यांना परीक्षेसाठीं जो अर्क लागला, तो त्यांनीं प्रथम उपदंशानें मेलेल्या अर्भकांच्या यकृतापासून काढला. पुढें तो अर्क प्राण्याच्या हृदयापासूनहि निघूं शकतो असें कळलें; १९४१ मध्यें मेरी पँगबॉर्न या अमेरिकन विदुषीनें त्यांतील मुख्य द्रव्य शुद्ध स्वरूपांत वेगळें केलें; आणि १९४६ मध्यें अमेरिकेंतील ज्या प्रयोगशाळेंत आजची सुटसुटीत परीक्षा तयार झाली, तिच्याच नांवाचीं आद्याक्षरें तुमच्या चिरंजिवांनीं मोबाइलवर पाहिलीं. व्ही.डी.आर.एल. हें प्रयोगशाळेचें नांव आहे. तें सूनबाईंना लाविलेलें विशेषण नव्हे. जीं मुलें जगूं शकलीं नाहींत, त्यांच्यापासून ही विद्या निघाली. ती पुढील मुलांच्या उपयोगीं पडूं नये, हें योग्य होईल काय?

अमेरिकेंत जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांतील प्रसूतितज्ज्ञ विल्यम्स यांनीं १९१५ मध्यें लागोपाठच्या १०,००० बाळंतपणांचा हिशेब मांडला. त्यांत ७०५ बालकें दगावलीं होतीं, आणि त्यांपैकीं सुमारें चौथा भाग मृत्यु उपदंशामुळें झाले होते. संशय येईल तिचेंच रक्त पाहावयाचें, या पद्धतीनें हें संकट टळणार नाहीं, ही गोष्ट हळूहळू सर्वांनाच पटली; आणि १९३८ मध्यें न्यूयॉर्कसारख्या राज्यांनीं प्रत्येक गर्भवतीची ही परीक्षा झालीच पाहिजे असा कायदा केला. त्या वेळीं औषध मात्र सोमलाचें होतें, आणि तें महिनोन्महिने घ्यावें लागे. १९४३ मध्यें स्टेटन आयलंड येथें डॉ. जॉन महोनी यांनीं पेनिसिलिननें उपदंश बरा होतो हें दाखविलें, आणि सर्व चित्र पालटलें.

आज गर्भवतीचें रक्त सदोष निघालें, तर बेंझाथीन पेनिसिलिनचें २४ लक्ष युनिटांचें इंजेक्शन देतात. बाधा अलीकडची असेल तर एक मात्रा पुरते. जुनी असेल किंवा केव्हांची तें कळत नसेल, तर आठवड्याच्या अंतरानें तीन मात्रा देतात. औषध जुनें आहे, स्वस्त आहे, आणि वार ओलांडून बाळापर्यंत पोंचतें. दुसरीं कांहीं औषधें आईला गुण देतात, पण बाळापर्यंत भरंवशानें पोंचत नाहींत. म्हणून जिला पेनिसिलिन सोसत नाहीं अशी शंका असते, तिलाहि रुग्णालयांत ठेवून, बेताबेतानें संवय करून, हेंच देण्याचा प्रयत्न करितात. प्रसूतीपूर्वीं निदान चार आठवडे हें औषध पोटांत गेलें पाहिजे. म्हणून तिसऱ्या महिन्यांत केलेली परीक्षा आणि नवव्या महिन्यांत केलेली परीक्षा यांत फार अंतर आहे. पहिलीनें मूल वांचतें. दुसरीनें पुष्कळदां निदान तेवढें होतें.

एवढें सोपें असूनहि काय घडतें तें पाहा. २०१६ या वर्षासाठीं जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीं जो अंदाज केला, त्यांत जन्मजात उपदंशाचीं सुमारें ६ लक्ष ६१ हजार प्रकरणें जगांत झालीं. त्यांपैकीं ३ लक्ष ५५ हजारांमध्यें प्रत्यक्ष अनर्थ ओढवला, आणि २ लक्षांहून अधिक गर्भ व नवजात बालकें दगावलीं. मला सर्वांत अधिक बोचतो तो या हिशेबाचा पुढला भाग. या अनर्थांपैकीं निम्म्याहून अधिक अशा मातांच्या पोटीं ओढवले, ज्या गर्भारपणीं वैद्यकीय तपासणीस नियमानें जात होत्या, परंतु ज्यांची ही एक परीक्षा कोणीं केलीच नाहीं. त्या दवाखान्याच्या पायऱ्या चढल्या होत्या. बाकावर बसल्या होत्या. त्यांचें वजन झालें, रक्तदाब पाहिला गेला. एक ओळ तेवढी कागदावर लिहिली गेली नाहीं.

ही ओळ कशी राहून जाते, हें मी दुसऱ्या कोणाच्या नांवानें सांगत नाहीं. माझ्याच हातून ती राहिली आहे.

१९८० नंतरच्या दशकांतील ही गोष्ट. मीं नुकताच माझा व्यवसाय मांडला होता. एका प्रतिष्ठित घरांतील सून दुसऱ्या खेपेस माझ्याकडे येऊं लागली. तिचे सासरे माझ्या वडिलांचे स्नेही. पहिलें मूल निरोगी होतें, त्या वेळचे सर्व कागद निर्दोष होते. तपासण्या लिहितांना व्ही.डी.आर.एल. या अक्षरांपाशीं माझी लेखणी थबकली. समोर सासूबाई बसल्या होत्या. त्यांनीं अर्थ विचारला तर काय सांगावें? 'या घरांत कशाला?' असें मनाशीं म्हणून मीं ती ओळ गाळली. सातव्या महिन्याच्या अखेरीस बाळाची हालचाल थांबली. मृत मूल मीं स्वतःच्या हातांनीं घेतलें. वार नेहमींपेक्षां बरीच मोठी व जड होती. ती पाहतांच माझ्या मनांत शंका आली, आणि जें रक्त चार महिन्यांपूर्वीं घ्यावयाचें, तें मीं त्या दिवशीं घेतलें. पतीचेंहि घेतलें. दोन्ही सदोष निघालीं. दोन बाळंतपणांच्या मधल्या काळांत तो नोकरीनिमित्त वर्षभर परगांवीं राहिला होता.

दोघांनाहि इंजेक्शनें दिलीं, पुढें दोन-तीन वेळां रक्त तपासून खात्री करून घेतली, आणि तिसऱ्या खेपेस तिला सुदृढ मुलगी झाली. परंतु ती ओळ गाळल्याचें मीं तिच्यापासून लपवूं शकलें नाहीं. एके दिवशीं ती एकटी आली असतां मीं तिला सर्व सांगितलें. ती रागावली नाहीं. थोडा वेळ गप्प बसली, आणि म्हणाली, "तुम्हीं सासूबाईंची भीड धरलीत. मला विचारलें असतेंत, तर मी हो म्हटलें असतें."

भीड भिकेची बहीण, असें आपण म्हणतों. त्या दिवशीं भीड माझी होती आणि भीक त्या बाईच्या पदरांत पडली. तेव्हांपासून मीं कोणत्याहि घरासाठीं ती ओळ गाळलेली नाहीं.

आतां चिरंजिवांविषयीं दोन शब्द. त्यांचा चेहरा उतरला, यांत मला नवल वाटत नाहीं. परंतु या परीक्षेंत केवळ स्त्रीनेंच कां बसावें? पत्नी बाधित निघाली आणि तिला एकटीलाच औषध दिलें, तर पतीकडून तिला पुन्हां बाधा होते व सर्व उपचार व्यर्थ जातो. म्हणून दोघांचा उपचार एकाच वेळीं व्हावा लागतो, आणि तो पुरा होईपर्यंत संबंध टाळावा लागतो. पत्नी निर्दोष असली तरीहि पतीचें रक्त पाहणें शहाणपणाचें असतें, कारण गर्भारपणांत नव्यानें झालेली बाधा बाळाला सर्वांत घातक. माझा अनुभव असा आहे, कीं ज्या घरांत पति 'माझेंहि घ्या' म्हणून आपला हात आधीं पुढें करितो, त्या घरांत या विषयाचा विषारीपणा तत्क्षणींच ओसरतो. कोणी कोणाची परीक्षा घेत आहे, असें मग उरतच नाहीं.

एचआयव्हीच्या बाबतींत ही गोष्ट आपल्या देशाला फार मोल देऊन कळली. भारतांत या विषाणूची पहिली ओळख १९८६ मध्यें चेन्नई येथें पटली. ती पटविणाऱ्या डॉ. सुनीति सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे. चेन्नईस स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत त्या वाढल्या होत्या. त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांनीं वेश्याव्यवसायांतील स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले होते, आणि त्यांतच तो प्रथम आढळला. तेव्हां पुष्कळांनीं समाधान मानून घेतलें, कीं हा रोग 'तसल्या' वस्तीचा आहे. परंतु थोड्याच वर्षांत दवाखान्यांतून अशा विवाहित स्त्रिया येऊं लागल्या, ज्यांनीं पतीवांचून दुसरा पुरुष जाणला नव्हता. अनेकींना आपली बाधा गर्भारपणांतील तपासणीनेंच प्रथम कळली. बाधित मातेवर कांहींच उपचार झाला नाहीं, तर शंभरांतील १५ पासून ४५ पर्यंत बालकांना विषाणु मिळतो. वेळेवर गोळ्या सुरू करून त्या नियमानें घेतल्या, तर हें प्रमाण ५ च्या खालीं येतें. आईचेंहि आयुष्य लांबतें. या गोळ्या सरकारी केंद्रांतून विनामूल्य मिळतात. अशा मातेनें बाळाला पाजावें कीं नाहीं, किती दिवस पाजावें, हें तेथील डॉक्टरांच्या सल्ल्यानें ठरवावें. शेजारणीच्या सल्ल्यानें ठरवूं नये.

हेपटायटिस बी हा यकृताचा विकार रक्तावाटे, शरीरसंबंधावाटे आणि प्रसूतीच्या वेळीं आईपासून बाळाला होतो. मोठेपणीं झालेली बाधा बहुतेकांच्या अंगांतून निघून जाते. परंतु जन्माच्या वेळीं झालेली दहांपैकीं नऊ बालकांच्या अंगांत कायमची घर करिते, आणि पुढें यकृताचा घात करूं शकते. उपाय सोपा आहे. जन्मल्यापासून २४ तासांच्या आंत प्रत्येक बालकाला पहिली लस टोंचावी. आई बाधित असल्याचें आधींच ठाऊक असेल, तर लसीच्या जोडीला तयार प्रतिद्रव्याचेंहि इंजेक्शन देतां येतें. तें आधीं ठाऊक असावें, एवढ्यासाठींच ती परीक्षा.

परम्यासारख्या विकारांसाठीं आपल्याकडे सर्वांचीच तपासणी करीत नाहींत. पण अंगावरून पिंवळें किंवा दुर्गंधियुक्त जात असेल, लघवीला आग होत असेल, तर ती गोष्ट डॉक्टरांपासून लपवूं नये. परम्यानें नवजाताचे डोळे जातात. १८८० मध्यें लाइपझिग येथील क्रेडे यांनीं बालकांच्या डोळ्यांत रौप्यक्षाराचे थेंब घालून असंख्य मुलांचें अंधत्व टाळलें, ही जुनी साक्ष आहे.

परीक्षेचा निकाल 'सदोष' असा आला, तर काय करावें? प्रथम, घाबरूं नये. व्ही.डी.आर.एल. ही परीक्षा कधीं कधीं गर्भारपणामुळेंच, कधीं हिंवतापानें, तर कधीं संधिवातासारख्या कांहीं विकारांमुळें, उपदंश नसतांहि खोटी साक्ष देते. म्हणून तिच्या जोडीला टी.पी.एच.ए. सारखी दुसरी परीक्षा करून खात्री करितात. ही दुसरी परीक्षा एकदां सदोष आली, कीं रोग पूर्ण बरा झाल्यावरहि बहुधा जन्मभर तशीच येत राहते. तिच्यावरून आजच्या स्थितीचा निवाडा करूं नये. मात्र खात्री करून घेण्याच्या नादांत आठवडे दवडूं नयेत. डॉक्टर पहिली मात्रा लगेच द्या म्हणाले, तर घ्यावी. नसलेल्या रोगावर घेतलेलें एक इंजेक्शन, असलेल्या रोगाकडे केलेल्या दुर्लक्षापेक्षां केव्हांहि बरें. आणि निकाल आल्याबरोबर कोणीं कोणाला केव्हां फसविलें, याची पंचाईत मांडूं नये. बाधा केव्हांची आहे हें त्या कागदावर लिहिलेलें नसतें.

बातमी बाहेर फुटेल ही धास्तीहि अनेकांना असते. एचआयव्हीसंबंधीं २०१७ चा जो कायदा २०१८ पासून अमलांत आला, त्यान्वयें त्या व्यक्तीची, समजून उमजून दिलेली, संमति घेतल्यावांचून ही चाचणी करितां येत नाहीं, आणि निकाल गुप्त ठेवणें हें रुग्णालयाचें कर्तव्य आहे.

आपल्या चालीरीतींशीं निगडित अशी एक अडचण मला येथें मुद्दाम सांगावयाची आहे. आपल्याकडे पहिलें बाळंतपण माहेरीं होतें. तिसऱ्या महिन्यांत सासरच्या डॉक्टरांकडे रक्त तपासलें जातें. सातव्या महिन्यांत डोहाळजेवण होतें, ओटी भरली जाते, आणि मुलगी माहेरीं जाते. ओटींत खण-नारळ जातो, तांदूळ जातात. तपासणीचे कागद मात्र सासरच्या कपाटांत राहतात. माहेरचे डॉक्टर समजतात कीं सर्व आधीं झालें असेल. कधीं निकाल प्रयोगशाळेंतच पडून असतो, आणि तो आणावयास कोणीच जात नाहीं. म्हणून मुलीला पाठवितांना कागदांची एक पिशवी प्रथम भरावी, आणि माहेरीं पोंचल्यावर पहिल्याच भेटींत ती डॉक्टरांपुढें ठेवावी. एकदां निर्दोष ठरलेलें रक्त पुढील सर्व महिन्यांना पुरत नाहीं. बाधा नुकतीच झाली असेल, तर पहिल्या कांहीं आठवड्यांत ती परीक्षेंत दिसत नाहीं. तेव्हां शेवटच्या महिन्यांत डॉक्टर पुन्हां रक्त मागतील, तर 'एकदां झालें कीं' म्हणूं नये. प्रत्येक खेपेस ही परीक्षा नव्यानें करावी, हें तर माझ्या वर सांगितलेल्या हकीकतीवरून दिसलेंच असेल. ज्यांना खर्चाची अडचण असेल, त्यांनीं सरकारी रुग्णालयांत जावें. २०१६ मध्यें सुरू झालेल्या सुरक्षित मातृत्व अभियानांत दर महिन्याच्या ९ तारखेस गर्भवतींची विनामूल्य तपासणी होते.

हें सर्व साध्य आहे काय? २०१५ मध्यें क्यूबा या लहानशा देशानें आईपासून बाळाला होणारी एचआयव्हीची व उपदंशाची बाधा जवळजवळ संपुष्टांत आणल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें मान्य केलें. २०१६ मध्यें थायलंड, आणि २०१९ मध्यें आपली शेजारीण श्रीलंका त्याच पदास पोंचली. तेथील स्त्रीपुरुष आपल्याहून अधिक सच्छील आहेत असें कोणीं म्हटलें नाहीं. त्यांनीं प्रत्येकीचें रक्त तपासलें, आणि जिला जरूर तिला औषध दिलें, इतकेंच.

झांकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण पैशाच्या व्यवहारांत खरी असेल. गर्भवतीच्या बाबतींत ती मूठ उघडलेलीच बरी. आंत कांहीं नसेल, तर कांहींच गेलें नाहीं.

ताई, शेवटीं एक गोष्ट तुमच्या नजरेस आणतें. तुमचें पत्र मीं दोनदां वाचलें. त्यांत चिरंजीव काय म्हणाले तें आहे, यजमान काय म्हणाले तें आहे, तुम्हांला काय वाटलें तेंहि आहे. सूनबाईंना काय वाटतें, हें मात्र त्यांना कोणीं विचारल्याचें दिसत नाहीं. रक्त त्यांचें, बाळ त्यांच्या पोटांत, आणि संमति द्यावयाची तीहि त्यांनींच. आज संध्याकाळीं दिवेलागणीनंतर त्यांना जवळ बसवा, या लेखांत सांगितलें तें सर्व त्यांना सांगा, आणि मग विचारा. त्या काय उत्तर देतील याविषयीं मला फारशी शंका नाहीं. मात्र तें उत्तर त्यांच्या तोंडून यावें.

असो. पुढील महिन्यांत गर्भारपणांतील रक्तक्षयाविषयीं लिहावयाचें आहे. त्यासंबंधीं कोणाच्या शंका असतील तर त्या महिन्याच्या पंधरा तारखेपूर्वीं कळवाव्या. नांव नेहमींप्रमाणें गुप्त ठेविलें जाईल.